मायक्रॉन नंतर, आधी तळाचा जोड: कोकणातल्या ओल्या कचऱ्यासाठी पिशव्यांची पारख

बांगड्याची डोकी, कोलंबीची सालं, कालवणातली आमसुलं आणि ताटात राहिलेला भात. एवढा ऐवज एका काळ्या पिशवीत बांधायचा, घंटागाडीची घंटा ऐकू आली की उचलायचा, आणि मग ओटीपासून बेड्यापर्यंत (कुंपणाच्या फाटकापर्यंत) वासाच्या पाण्याची रेघ उमटते. दोष लगेच ठरतो: पिशवी पातळ होती. पुढच्या वेळी दुकानात ‘जाडवाली द्या’ म्हटलं जातं, पैसे जास्त जातात, आणि रेघ उमटायची ती उमटतेच. कारण ओल्या कचऱ्याची पिशवी फाटण्याआधी गळते, आणि गळते ती तळाच्या जोडाला. त्या जोडाचा जाडीशी, म्हणजे मायक्रॉनशी (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), संबंध फार थोडा.

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या बाजारपेठांत कचऱ्याच्या पिशव्या साधारण पाच प्रकारच्या मिळतात. त्या पाचांची इथे पारख केली आहे. ब्रँडची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाच नावाखाली दोन जाड्यांचा माल सर्रास येतो आणि निम्मा माल तर नावाशिवायच विकला जातो. नाव पाठ करण्यापेक्षा पिशवी हातात घेऊन ओळखता आली तर ते कुठल्याही दुकानात कामाला येतं.

तळ कसा बनतो

पिशवी म्हणजे मुळात प्लॅस्टिकची लांबलचक नळी. ती सपाट करून गरम पट्टीने एका जागी चिकटवली की तळ तयार. हे झालं सरळ सील. सपाट ठेवलेल्या पिशवीत ते नीटनेटकं दिसतं, पण आत वजन पडलं की पिशवी गोल होते आणि तळाला दोन कान फुटतात. सगळं पाणी त्या दोन कोपऱ्यांत उतरतं. सीलची कड हीच पिशवीतली सगळ्यात दुबळी जागा, कारण गरम पट्टीखाली प्लॅस्टिक वितळून कडेला पातळ झालेलं असतं. वजन आणि पाणी नेमकं तिथेच येतं.

दुसरा प्रकार स्टार सील. यात नळीच्या बाजू आत दुमडतात, पुन्हा दुमडतात आणि सगळ्या घड्या एकत्र करून एकदाच चिकटवतात. तळ चुण्या ओढलेल्या बटव्यासारखा दिसतो. कोपरेच नसल्याने वजन सगळीकडे सारखं पसरतं आणि गोल डब्यात पिशवी तळापर्यंत बसते. ओल्या कचऱ्याला हाच तळ हवा. मात्र इथेही एक खोट निघते: एवढ्या घड्या एकदम चिकटवताना उष्णता कमी पडली तर अगदी मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढं भोक राहतं.

म्हणून नवीन रोल आणला की पहिल्या तीन पिशव्यांत एकेक लिटर पाणी घाला आणि तोंड धरून कोरड्या वर्तमानपत्रावर दहा मिनिटं टांगून ठेवा. कागदावर एकही ठिपका नाही तर रोल चांगला. तीनांतल्या दोन गळल्या तर दुकानदाराला कागद दाखवून रोल बदलून घ्या. एखादी गळली तर ती सुक्या कचऱ्याला ठेवा. पाणी घातलेल्या बाकीच्या पिशव्या झटकून वापरता येतात, त्यामुळे वाया काहीच जात नाही.

रोलची छिद्रांची ओळ कुठे आहे तेही बघून घ्या. ती सीलपासून निदान अर्धा इंच खाली असली पाहिजे. स्वस्त रोलमध्ये ती सीलला इतकी खेटून असते की पुढची पिशवी ओढताना आधीच्या पिशवीचा तळच उसवतो. आणि ती पिशवी नंतर गळली की खापर मासळीवर फुटतं.

किलोवर मिळणाऱ्या काळ्या पिशव्या

प्लॅस्टिकच्या दुकानात गठ्ठ्याने टांगलेल्या, वजनावर विकल्या जाणाऱ्या. बहुतेक पुनर्वापराच्या प्लॅस्टिकच्या दाण्यापासून बनतात. त्या दाण्यात काय काय वितळलंय याचा भरवसा नाही, म्हणून तर रंग काळा: काळ्यात सगळं लपतं. पिशवी उजेडासमोर धरा. बारीक गाठी आणि टाचणीची भोकं चमकताना दिसली तर ती ओल्याला नको. घडी उघडताच रॉकेलसारखा किंवा जळकट वास आला तर दाणा पुन्हा पुन्हा वितळवलेला आहे, अशी पिशवी ताण घेत नाही.

किलोवरच्या मालात एक गोम असते. वजन वाढवायला दाण्यात खडूसारखी भुकटी मिसळतात. पिशवी हाताला जाड आणि भारी लागते, पण दोन बोटांत धरून ताणली की ताणलेली जागा पांढुरकी पडते आणि लगेच तुटते. चांगली पिशवी ताणली की लांबते, पारदर्शक होत जाते आणि बरीच उशिरा तुटते. ही बोटांची परीक्षा दुकानात उभ्या उभ्या होते, आणि दुकानदारही त्याला हरकत घेत नाहीत.

पातेरा (वाळका पाला), झावळांचे तुकडे, बांधकामाची माती नसलेली अडगळ, अशा सुक्या आणि अवजड कामाला या पिशव्या चालतात. स्वयंपाकघरात नकोत. आणि ताजी मासळी, भाजी किंवा सोललेली सुकट यांत कधीच भरू नये. अन्नासाठी मान्यता नसलेल्या पुनर्वापराच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत खाद्यपदार्थ ठेवायला नियमानेच मनाई आहे. तरी बाजारात पापलेट काळ्या पिशवीत घालून दिलं जातं. घरून डबा किंवा बादली नेणं हा त्यावरचा जुनाच उपाय.

करकरणारे पातळ रोल

हातात घेतल्यावर कागदासारखा आवाज करते ती एचएम पिशवी. आवाज न करणारी, मऊ, रबरासारखी ताणली जाणारी ती एलडी. दुकानदार हेच शब्द वापरतात, त्यामुळे ‘एलडीत दाखवा’ असं सरळ म्हणता येतं.

एचएम पातळ असूनही सरळ ओढीला मजबूत असते, म्हणून तिच्यात स्वस्तात काम भागतं. पण एकदा भोक पडलं की चीर वरपासून खालपर्यंत धावते. सुरमईचा काटा, कुर्लीची नांगी, तिसऱ्यांचे शिंपले, नारळाच्या करवंटीची कड, यांतलं काहीही तिला पुरेसं आहे. ऑफिसातली कागदाची टोपली, दुकानातली पावत्यांची बास्केट, बेडरूममधला छोटा डबा यांना एचएम उत्तम. त्यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

एलडी, स्टार सील

घरातल्या ओल्या डब्याला आमची पहिली पसंती हिलाच. टोकदार वस्तू टेकली तर ती आधी ताणते, मग भोक पडतं, आणि भोक पडलं तरी ते पसरत नाही. महागही फार नसते. अडचण एवढीच की लहान गावात स्टार सीलचा माल नेहमी मिळेल असं नाही. रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीसारख्या ठिकाणी हॉटेलचा माल विकणाऱ्या दुकानात विचारावं, किराणा दुकानात नव्हे. रोल घट्ट आणि अरुंद दिसतो, कारण बाजू आत दुमडलेल्या असतात. म्हणून ‘ही तर लहान दिसते’ म्हणून परत करू नका, उलगडून मापा.

दोरीवाल्या

तोंडाला नाडी असते, ओढली की तोंड आवळतं. होमस्टेच्या बाथरूमला आणि पाहुण्यांच्या खोलीला छान, कारण डब्याच्या कडेवर नीट बसते आणि बाहेर काढताना हात लागत नाही. पण नाडी ज्या दुमडीतून जाते ती दुमड पिशवीच्या मानाने कमजोर असते. चार किलो ओला कचरा नाडीला धरून उचलला तर दुमड उसवते आणि नाडी तेवढी हातात राहते. वजन असेल तर नाडी फक्त आवळायला वापरा, पिशवी मानेला धरून उचला. किमतीचा विचार केला तर स्वयंपाकघरासाठी ही चैनच.

कंपोस्टेबल

हिरवट, दुधी रंगाच्या, स्पर्शाला किंचित पावडरीसारख्या. स्टार्च आणि कुजणाऱ्या पॉलिमरपासून बनतात. यांच्याबद्दल दुकानात सगळ्यात जास्त गैरसमज ऐकायला मिळतात, त्यामुळे थोडं थांबून बोलायला हवं.

पहिली गोष्ट, ‘बायोडिग्रेडेबल’, ‘ऑक्सो’, ‘इको’ असं छापलेली प्रत्येक पिशवी कंपोस्टेबल नसते. ऑक्सो प्रकारात साध्या प्लॅस्टिकमध्ये एक रसायन घातलेलं असतं. उन्हात त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे आणखी तुकडे होतात, पण माती होत नाही. खऱ्या कंपोस्टेबल पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक, उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. हे नसेल तर नुसत्या हिरव्या रंगाचे जास्त पैसे देऊ नयेत.

दुसरी गोष्ट, त्या मानकातली परीक्षा साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते आणि १८० दिवसांत ९० टक्के विघटन व्हावं लागतं. एवढी उष्णता मोठ्या खतप्रकल्पाच्या ढिगात तयार होते. परड्यातल्या (घरामागच्या वाडीतल्या) माडाच्या आळ्यात ती होत नाही. तिथे पिशवी कुजते, पण सावकाश, आणि पाऊस संपला तरी तिच्या चिंध्या दिसू शकतात. आळ्यात घालायचीच असेल तर आधी फाडून पसरा, गाठ मारून गाडू नका. गाठीच्या आत हवा जात नाही, आतला कचरा सडून घाण मारतो आणि पिशवीही तशीच राहते.

तिसरी गोष्ट खास आपल्या हवेची. ही पिशवी ओलाव्यानेच विरायला सुरुवात करते, आणि जून ते सप्टेंबर कोकणात ओलावा सोडून दुसरं काय असतं? मे महिन्यात स्वस्त मिळाले म्हणून आणलेले दहा रोल गणपतीपर्यंत एकमेकांना चिकटतात, नाहीतर उघडताना हातात तुटतात. दोन-तीन महिन्यांना पुरतील एवढेच घ्या, पाकिटावरची उत्पादनाची तारीख बघा, आणि पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डब्यामुळे उंदरांपासूनही सुटका होते. डस्टबिनमध्ये ओला कचरा भरून तिसऱ्या दिवसापर्यंत ठेवला तर तळ मऊ पडतो. रोज किंवा दिवसाआड उचल असेल तरच ही पिशवी घ्यावी.

तिथे मात्र ती खरोखर उपयोगी आहे: जिथे नगरपरिषद किंवा सोसायटी ओल्या कचऱ्याचं खत करते आणि पिशवीसकट कचरा स्वीकारते. वेंगुर्ल्यासारख्या नगरपरिषदेने कचरा उगमाशीच वेगळा घेऊन जुन्या डेपोची जागा पालटून दाखवली. अशा ठिकाणी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला ओला कचरा दिला तर कोणालातरी ती हाताने फाडून रिकामी करावी लागते. आपल्या गावात काय चालतं ते घंटागाडीवरच्या माणसाला विचारा. तो नेमकं सांगतो.

कायद्याचं काय

‘१२० मायक्रॉनच्या खाली बंदी आहे ना?’ हा प्रश्न हमखास येतो. तो आकडा सामान वाहून न्यायच्या कॅरीबॅगचा. केंद्राच्या नियमांनी कॅरीबॅगची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन केली. महाराष्ट्राची २३ मार्च २०१८ ची अधिसूचना त्याहून कडक आहे. तिच्या बंदीत हँडल असलेल्या आणि नसलेल्या दोन्ही पिशव्या येतात, आणि घनकचरा हाताळण्यासाठीच्या कंपोस्टेबल पिशव्यांना सवलत आहे. म्हणून ज्यांच्याकडे तपासणी होते त्या हॉटेल, खानावळ, मंगल कार्यालय, होमस्टे चालवणाऱ्यांनी गठ्ठ्याने खरेदी करण्याआधी नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाला विचारून घ्यावं, आणि कंपोस्टेबलच्या पाकिटावरचा प्रमाणपत्र क्रमांक बिलासोबत जपून ठेवावा.

माप: डबा आधी, पिशवी मागून

पिशवी डब्यात घसरून पडते याचं कारण बहुतेक वेळा चुकीचं माप. बाजारात १७×१९, १९×२१, २४×३२ आणि ३०×३७ इंच ही मापं सर्रास मिळतात. लहान आणि मध्यम रोलमध्ये बहुधा तीस पिशव्या, मोठ्यात पंधरा, त्याहून मोठ्यात दहा.

डब्याच्या तोंडाभोवती सुतळी गुंडाळा. त्या घेराचं निम्मं म्हणजे पिशवीची सपाट रुंदी, वर एखादा इंच जास्त. उंचीसाठी डब्याची उंची, अधिक तळाच्या व्यासाचा निम्मा, अधिक कडेवर दुमडायला तीन इंच. दहा इंच व्यासाच्या, अकरा इंच उंच बादलीचा घेर साडेएकतीस इंचांच्या आसपास, निम्मा पावणेसोळा, म्हणजे सतरा रुंद पुरते. उंची अकरा, पाच आणि तीन मिळून एकोणीस. १७×१९ अगदी बरोबर. तीच बादली बारा इंच व्यासाची आणि तेरा इंच उंच असली की एकोणीस रुंद जेमतेम पुरते, पण उंची बावीस होते. १९×२१ दुमडीला इंचभर कमी पडते. अशा वेळी पिशवी बदलू नका, कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावा. चाकांच्या १२० लिटरच्या डब्याला ३०×३७ बसतच नाही, त्याच्या तोंडाचा घेर त्याहून खूप मोठा असतो. तिथे मोजूनच मागवा.

पाकिटावरचे मायक्रॉन खरे की खोटे हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. दहा मायक्रॉन जाडीला १७×१९ ची एक पिशवी सुमारे पावणेचार ग्रॅम भरते, १९×२१ ची पावणेपाच ग्रॅम, २४×३२ ची नऊ ग्रॅम. म्हणजे १९×२१ च्या तीस पिशव्यांचा रोल आतली पुठ्ठ्याची नळी वगळून २८५ ग्रॅम भरला तर जाडी वीस मायक्रॉन. पाकिटावर ‘५१ मायक्रॉन’ छापलेलं असेल आणि रोल तीनशे ग्रॅमचाही नसेल तर काय ते समजा. भुकटी मिसळलेल्या मालाला हा हिशेब लागू नाही, तो मुद्दाम जड केलेला असतो. त्याला बोटांची परीक्षाच हवी. काही दुकानदार गेजमध्ये बोलतात. शंभर गेज म्हणजे पंचवीस मायक्रॉन.

रोजच्या घरगुती ओल्या कचऱ्याला वीस ते पंचवीस मायक्रॉनची एलडी भरपूर झाली. खानावळीच्या २४×३२ ला चाळीसच्या वर जा.

भरण्याची रीत

पिशवी दोन तृतीयांशच भरा. वरचा भाग मान पिळायला लागतो. मान पिळून, दुमडून, मग गाठ मारली तर वास आणि पाणी दोन्ही आत राहतात. नुसते दोन कान एकमेकांना बांधले तर मधे फट राहते, आणि मांजराला एवढी फट पुरते. १९×२१ मध्ये चार-पाच किलोंपेक्षा जास्त ओलं नको. २४×३२ मध्ये दहा किलो ही उचलणाऱ्या माणसाच्या पाठीचीही मर्यादा समजा.

पण खरी मेख पाण्यात आहे. सार, कढी, चहाचा चोथा, कलिंगडाचं पाणी हे सगळं पिशवीत ओतायचं आणि मग पिशवीला दोष द्यायचा, हे बरोबर नाही. डब्याच्या वर चाळणी ठेवा, पाणी मोरीत जाऊ द्या, चोथा पिशवीत टाका. पिशवीच्या तळाला वर्तमानपत्राची चौपदरी घडी, किंवा त्याहून चांगलं म्हणजे सोडणाच्या (नारळाच्या बाहेरच्या सालाच्या) काथ्याचा दोन मुठी भुसा. हा भुसा आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी पितो आणि कोकणात फुकट मिळतो. भाताचं तूस त्या कामाचं नाही, त्यावरून पाणी घसरतं.

मासळीच्या वासावर चुलीतली राख टाकायची सवय अनेक घरांत आहे. राख क्षारयुक्त, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाची असते. मासळीचा वास ज्या वायूंमुळे येतो त्यांना ती उलट मोकळं करते. आंबट गोष्ट त्यांना धरून ठेवते. पिळलेल्या लिंबाच्या साली, कालवणातून काढलेली आमसुलं किंवा चमचाभर व्हिनेगर मासळीच्या कचऱ्यावर टाकलं की फरक तासाभरात कळतो. घंटागाडी दुसऱ्या दिवशी येणार असेल तर डोकी, खवले आणि सालं जुन्या दुधाच्या पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये टाका आणि सकाळी काढा. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण या उपायाला तोड नाही.

कुर्ल्यांच्या नांग्या आणि शिंपले थेट पिशवीत नकोत. आधी वर्तमानपत्रात किंवा दुधाच्या पिशवीत गुंडाळा. खरं तर शिंपले कचऱ्यात द्यायचेच कशाला? ते सुके आहेत, परड्यात पडवळाच्या मांडवाखाली पसरले तरी चालतं. करवंट्या चुलीला जातात. फणसाचा चीक लागलेला कचरा कागदात गुंडाळूनच टाका, नाहीतर पिशवीच्या आतल्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि दुसऱ्या वेळी पिशवी उघडत नाही. ज्यांच्याकडे परडं आहे त्यांनी मासळीचा कचरा माडाच्या आळ्यात दीड फूट खोल पुरला की पिशवीचा प्रश्नच मिटला. त्याहून उथळ पुरलात तर कुत्री रात्रीत उकरतात.

भरलेली पिशवी डब्यातून वर येत नाही, ओढली की फाटते, ही तक्रार मोठ्या डब्यांची. वर ओढताना पिशवीच्या खाली हवा शिरू शकत नाही, त्यामुळे पोकळी तयार होऊन पिशवी खाली खेचली जाते. डब्याच्या बाजूला तळापासून चार-पाच इंचांवर समोरासमोर दोन भोकं पाडा, पेन्सिल जाईल एवढी. हवा आत शिरते आणि पिशवी सहज निघते. भोकं तळाला पाडू नका, गळलंच तर लादीवर येईल.

बाहेर ठेवताना पिशवी जमिनीवर नको, खुंटीला किंवा झाकणाच्या पिंपात. कावळे आणि माकडं पिशव्या उचकटतात. आणि हिरव्या-गुलाबी पिशव्या उन्हात आठवडाभर टांगल्या की ठिसूळ होतात. काळ्याला ऊन कमी बाधतं.

कामाच्या ठिकाणी

ऑफिस, बँकेची शाखा, शाळा: टेबलाखालच्या टोपलीत फक्त कागद पडत असेल तर रोज नवी पिशवी लावणं निव्वळ उधळपट्टी. टोपली मोठ्या गोणीत रिकामी करा, पिशवी आठवडाभर तीच राहू द्या. खाण्याच्या जागेपाशी एकच ओला डबा ठेवा आणि त्यालाच रोज पिशवी लावा. सगळ्या टोपल्यांत थोडं थोडं ओलं पडू दिलं तर पिशव्याही जास्त लागतात आणि रद्दीही वाया जाते.

सुक्या कचऱ्याला रोलची पिशवी लागतच नाही. सिमेंटची किंवा खताची धुतलेली गोण पंधरा दिवस पुरते, भंगारवाला ती ओतून घेतो आणि गोण परत मिळते. या पारखीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टिकाऊ पिशवी तीच आहे. पाण्याच्या बाटल्या चेपून भरल्या तर तिच्यात खूप मावतात.

होमस्टे आणि खानावळीत हंगामाचा फरक मोठा. मासेमारी बंदीच्या १ जून ते ३१ जुलैच्या काळात मासळीचा कचरा घटतो, १ ऑगस्टनंतर तो एकदम येतो. तेव्हा मासे साफ करण्याच्या जागेला वेगळी, जाड, स्टार सीलची पिशवी आणि वेगळा डबा ठेवा. भाजीच्या कचऱ्यात मासळी मिसळली की सगळाच कचरा एका दिवसात वास मारतो. पिशवी गळतेय असं दिसलं तर दुसऱ्या पिशवीत घाला, पण पहिलीची गाठ खाली येईल अशी उलटी. नुसती एकात एक घातली तर दोन्हींचे तळ एकाच जागी गळतात.

पॅड आणि डायपर कागदात घट्ट गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे द्यायचे, ओल्यात नाही. फुटकी काच आणि ट्यूबलाइट पुठ्ठ्याच्या खोक्यात, पिशवीत नाही. पिशवी कितीही जाड असली तरी काचेपुढे ती कागदच.

दवाखाना, पॅथॉलॉजी लॅब यांच्यासाठी वरचं काहीच लागू नाही. तिथे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या आणि लाल, बारकोड असलेल्या, क्लोरिनविरहित प्लॅस्टिकच्याच पिशव्या लागतात. सुया आणि धारदार वस्तू पांढऱ्या अभेद्य डब्यात जातात. पिशवी पाऊणच भरायची आणि प्रक्रियेविना ४८ तासांहून जास्त ठेवायची नाही. बाजारातली पिवळी पिशवी दिसायला तशीच असते, पण ती चालत नाही.

जिथे घंटागाडीच येत नाही अशा वाड्यांत भरलेली पिशवी शेवटी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत जाते, नाहीतर पातेऱ्याबरोबर पेटते. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये पाच हजार रुपये दंड ठरवला, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार. दंड राहू द्या, त्या चुलीच्या धुरात घरातलंच कोणीतरी फुंकर घालत बसलेलं असतं. अशा ठिकाणी ओल्यासाठी पिशवी घेऊच नका: झाकणाची बादली आणि आळं. रोल आणायचा तो पॅड-डायपरपुरता एक छोटा, आणि सुक्यासाठी दोन गोणी.

गणपतीत चाकरमानी आले की चार माणसांच्या घरात वीस होतात आणि डबा एका जेवणात भरतो. तेव्हा मध्यम पिशव्या घाईघाईने वाढवण्याऐवजी २४×३२ चा एक रोल आणि झाकणाचं एक पिंप आधीच आणून ठेवा. केळीची पानं पिशवीत कोंबू नका, ती दांड्यासकट अर्धी पिशवी खातात. उष्टं काढून पानं गोठ्यात किंवा आळ्यात टाका. निर्माल्य कापडाच्या पिशवीत, वेगळं. रोल घेताना तळाची परीक्षा करायला दुकानात पाणी मागायला लाजू नका. ऐन गणपतीच्या गर्दीत परत बदलून मिळत नाही.